समरप्रसंग

इंग्रजीत उन्हाळ्याला 'समर' म्हणतात आणि मराठीत 'समर' म्हणजे लढाई. आमच्या एका विद्यार्थ्याने मागे निबंधात 'मे महिन्यात आम्ही समरासाठी कोकणात गेलो होतो' असे एक वाक्य लिहिले होते. मी समासात 'मग जिंकले कोण?' एवढाच शेरा मारून वही परत केली. व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहिले तर इंग्रजी समराचे नाते आपल्या संस्कृत 'समा' या शब्दाशी, म्हणजे वर्षाशी किंवा ऋतूशी जोडतात; रणांगणावरच्या समराचे कूळ निराळे. वर्गात मी असेच सांगतो आणि परीक्षेत असेच लिहावे अशी अपेक्षाही करतो. परंतु गेली काही वर्षे माझ्या विलायतेतील मावसभावंडांचे बोलणे ऐकून माझे खाजगी मत असे झाले आहे की, निदान ब्रिटनपुरता तरी त्या शब्दाचा मराठी अर्थच बरोबर आहे.

आमच्या मावशीला दोनच अपत्ये, आणि दोन्ही तिकडे. थोरली ताई लंडनच्या दक्षिण अंगाला क्रॉयडन येथे असते. धाकटा स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर अबर्डीन येथे, समुद्रातून तेल काढणाऱ्या एका कंपनीत आहे. घरात त्यांची मूळ नावे आता फक्त पत्रिकेवर उरली आहेत. आम्ही सगळे त्यांना क्रॉयडनकर आणि अबर्डीनकर असेच म्हणतो. दोन्ही गावांमध्ये सरळ रेषेत अंतर सुमारे ४०० मैल. बहीणभावांचे एरवी सख्य इतके की आम्हा उरलेल्या भावंडांना त्याचा दाखला देण्यात येई. पण जून उजाडला की हे सख्य संपते, ते सप्टेंबरपर्यंत.

लढाईची सुरुवात बहुधा छायाचित्राने होते. क्रॉयडनकर आपल्या परसातल्या सफरचंदाच्या झाडाखाली आरामखुर्ची टाकून, डोळ्यांवर काळा चष्मा चढवून बसलेली असते आणि खाली लिहिते, 'काय हा उकाडा! जीव नकोसा झाला.' तासाभराने अबर्डीनहून एक छायाचित्र येते. त्यात काहीही नसते. वरपासून खालपर्यंत नुसता राखाडी रंग. पहिल्यांदा ते पाहून मी त्याला विचारले होते, "अरे, खिडकीची काच पुसायची राहिली आहे का?" त्याचे उत्तर आले, "नाही दादा. हा आमचा समुद्रकिनारा आहे. दुपारचे दोन वाजलेत."

या राखाडी प्रकाराला तिकडे 'हार' म्हणतात. हा शब्द मराठीत आणून त्याचा श्लेष करण्याची गरजच नाही, तो आयता झालेला आहे. उबदार, दमट हवा उत्तर समुद्राच्या थंडगार पाण्यावरून येऊ लागली की तिच्यातील वाफेचे धुके होते, आणि समुद्रावरून वारा सुटला की ते धुके किनाऱ्यावरच्या गावांच्या गळ्यात पडते. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत याचा हंगाम. थोडे दक्षिणेला, यॉर्कशायर आणि नॉर्थंबरलँडच्या किनाऱ्यावर, यालाच 'फ्रेट' म्हणतात. त्यातली खरी क्रूर गोष्ट पुढेच आहे. आत, जमिनीच्या बाजूला जेवढे कडक ऊन पडते तेवढी तिथली हवा तापून वर जाते आणि समुद्रावरचा वारा तेवढा जोरात आत ओढला जातो. म्हणजे पंधरा-वीस मैलांवरच्या बँकरी गावात लोक अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात आइसक्रीम खात असतात, आणि त्यांच्याच त्या सुखामुळे अबर्डीनला स्वेटर चढवावा लागतो. शेजाऱ्याच्या सुखाने माणूस मनातून थोडा गारठतो हे आपल्याला ठाऊक आहे. परंतु ते विज्ञानाने इतके स्वच्छ सिद्ध झालेले मी दुसरीकडे पाहिले नाही.

तेव्हा अबर्डीनकराचे पहिले भांडण लंडनशी असे आपल्याला वाटते, ते तितकेसे खरे नाही. त्याचे भांडण बँकरीशीही आहे, आणि ग्लासगोशी तर आहेच. पूर्वेचा वारा असला की अबर्डीन धुक्यात आणि डोंगरापलीकडचे ग्लासगो उन्हात. ग्लासगोकरांनी अशा दिवसासाठी 'टॅप्स ॲफ' असा खास वाक्प्रचार करून ठेवला आहे. त्याचा सरळ अर्थ, अंगातले वरचे कपडे उतरवा. हे ते कितव्या अंशाला करतात हे कळल्यावर आमच्या अकोल्याच्या मावशीने पदर डोळ्यांना लावला होता. मात्र वारा पश्चिमेचा असला, आणि तो बहुधा असतोच, की पाऊस ग्लासगोला आणि कोरडे आकाश अबर्डीनला. अशा दिवशी मात्र अबर्डीनकराकडून छायाचित्र येत नाही. याबद्दल मी त्याला एकदा छेडले. तो म्हणाला, "तक्रार करायची सोडून सुखाचे फोटो काय काढायचे?" या उत्तराने तो विलायतेत पूर्ण रुजला आहे अशी माझी खात्री पटली.

वाचकांनी क्षणभर नकाशा डोळ्यांसमोर आणावा. सगळे मिळून युनायटेड किंगडम हे क्षेत्रफळाने आपल्या महाराष्ट्राहून लहान आहे. पण त्या एवढ्याशा जागेत हवेचे किती तालेवार सवतेसुभे आहेत पाहा. वायव्य इंग्लंडातील सरोवरांच्या मुलखात सीथवेट नावाची एक वस्ती आहे. तिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून जेमतेम २० मैलांवरच्या पेन्रिथला त्याच्या एक तृतीयांशही नाही. आणि सुमारे २५० मैलांवर, एसेक्सच्या किनाऱ्याला, तो ६०० मिलिमीटरच्याही खाली उतरतो. अटलांटिकवरून येणारे वारे पश्चिमेच्या डोंगरांना अडून तिकडेच रिते होतात, आणि पूर्वेच्या वाट्याला उरलेसुरले. महाबळेश्वर आणि वाई यांच्यामधला घाट ज्याने पावसाळ्यात एकदा उतरला आहे त्याला याहून अधिक सांगायला नको.

पाऱ्याचेही तसेच. जुलैत दुपारचे सरासरी तापमान लंडनला २३-२४ अंश सेल्सिअस असते. तिथून ६०० मैल उत्तरेला, शेटलंड बेटांवरील लर्विकला ते १५ च्या आतबाहेर घुटमळते. लर्विकला उन्हाळ्यात रात्र अशी नीट पडतच नाही. जूनच्या मध्यरात्रीही क्षितिजावर एक फिकट उजेड रेंगाळत असतो, त्याला तिथले लोक 'सिमर डिम' म्हणतात. म्हणजे उन्हाळ्यातला उजेड भरपूर, फक्त त्यात ऊन नाही. आपल्या 'उन्हाळा' या शब्दाच्या पोटात 'उष्ण' बसलेला आहे. उष्णकाळाचा झिजून झिजून उन्हाळा झाला. तेव्हा लर्विकच्या त्या ऋतूचे मराठीत भाषांतर काय करावे, हा प्रश्न मी आमच्या एम.ए.च्या वर्गाला घातला होता. 'उजेडाळा' हे एका मुलीचे उत्तर मला फार आवडले.

या तफावतीची सरकारदरबारी नोंदसुद्धा आहे. उष्णतेची लाट कशाला म्हणावे याचे तिकडे २०१९ सालापासून जिल्हावार, म्हणजे कौंटीवार, कोष्टक आहे. लागोपाठ किमान ३ दिवस कमाल तापमान ठरावीक आकड्याला पोचले किंवा ओलांडून गेले की लाट. लंडन आणि आसपासच्या कौंट्यांना हा आकडा २८ अंश. स्कॉटलंडला २५. अधल्यामधल्यांना २६ किंवा २७. पुढे २०२२ साली काही कौंट्यांचा आकडा एकेका अंशाने वाढवण्यात आला. म्हणजे २५ अंशांना अबर्डीनकराला 'लाट आली' असे म्हणण्याचा अधिकृत हक्क आहे, आणि त्याच २५ अंशांना क्रॉयडनकराला नाही. आपल्या वेधशाळेला मैदानी मुलखात ४० अंशांपर्यंत गेल्याशिवाय लाटेचे नावही काढता येत नाही. आपल्या वाचकांच्या चेहऱ्यावरचे हसू मला इथून दिसते आहे. ते त्यांनी थोडे राखून ठेवावे.

कारण अबर्डीनकराची तक्रार खरोखर थंडीची नाहीच. एकदा रात्री उशिरा, चिडचिड ओसरल्यावर, त्याने ती मला नीट सांगितली. "ऊन नाही तर नाही, दादा. सवय झाली. पण सकाळी दूरचित्रवाणीवरची बाई हसत हसत म्हणते, आज देशभर सुंदर ऊन, बागेत जेवणाचा बेत करा. मी खिडकीबाहेर पाहतो. मग मी देशात नाही का?"

हे वाक्य माझ्या मनात राहिले. वाटले तितका हा प्रश्न हलका नाही. वृत्तपत्रे लंडनची, वाहिन्यांच्या कचेऱ्या बहुतेक लंडनच्या, आणि बातमी लिहिणाऱ्याची खिडकी लंडनची. त्या खिडकीतून ऊन आले की पहिल्या पानावर समुद्रकाठच्या गर्दीचे चित्र येते आणि मथळ्यात 'ब्रिटन तापले'. त्या दिवशी पश्चिम स्कॉटलंडात छत्र्या उलट्या होत असल्या तरी ते आतल्या पानावर. त्यातून हवेची मांडणीही या पक्षपाताला हातभार लावणारी. उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा वाऱ्याचा जो वेगवान झोत आहे, जेट स्ट्रीम, तो उत्तरेला सरकला की अझोर्स बेटांकडचा उच्च दाबाचा प्रदेश इंग्लंडच्या दक्षिणेवर पसरतो. दक्षिणेत कोरडे, निळे आकाश. आणि पावसाळी वादळे त्याला वळसा घालून नेमकी स्कॉटलंडच्या वायव्य कोपऱ्यावर जातात. म्हणजे दक्षिणेचा उत्तम उन्हाळा हाच पुष्कळदा वायव्येचा वाईट उन्हाळा असतो. हा झोत दक्षिणेला सरकला तर मात्र सगळ्यांनाच भिजवतो. २००७ आणि २०१२ साली भिजवले तसे. २०१२ साली तर गंमतच झाली. आग्नेय इंग्लंडात पाण्याचा तुटवडा म्हणून ५ एप्रिलपासून बागेला नळीने पाणी घालायला बंदी झाली, आणि तो एप्रिल तिथल्या नोंदीतला सर्वांत पावसाळी एप्रिल ठरला.

अबर्डीनकरासारखी माणसे एकटी नाहीत याचा पुरावा २००५ साली मिळाला. त्या वर्षी मे महिन्यात बी.बी.सी.ने हवामानाचा नवा नकाशा आणला. तो थोडा तिरका होता. जणू आपण इंग्लिश खाडीच्या वर तरंगत उत्तरेकडे पाहत आहोत असा. त्यामुळे दक्षिण इंग्लंड थोरामोठ्यासारखे पुढ्यात पसरलेले, आणि स्कॉटलंड दूर कुठेतरी आक्रसून गेलेले. स्कॉटिश लोक खवळले. पत्रे गेली, पार्लमेंटपर्यंत कुरकुर पोचली. थोड्याच काळात नकाशाचा तो कल कमी करावा लागला. शेटलंडवाल्यांची तक्रार त्याहून जुनी. ती बेटे इतकी उत्तरेला की नकाशात मावत नाहीत. म्हणून नकाशे करणारे त्यांना उचलून भलत्याच समुद्रात एका चौकटीत कोंडून ठेवत. २०१८ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने बेटांसंबंधी जो कायदा केला त्यात, सार्वजनिक संस्थांनी आपल्या नकाशात शेटलंड त्याच्या खऱ्या जागी दाखवावे, दाखवणे जमत नसेल तर का जमत नाही हे सांगावे, असे कलमच घातले. चौकटीत राहून राहून माणसाच्या मनाला काय होत असेल, ते या कलमावरून कळते.

या बाबतीत मला ॲडमिरल रॉबर्ट फिट्झरॉय यांची फार आठवण येते. डार्विनला 'बीगल' जहाजावरून जगभर फिरवून आणणारे कप्तान ते हेच. १८५४ साली ब्रिटनचे हवामान खाते त्यांच्या हाताखाली सुरू झाले. हवेच्या भाकितासाठी 'फोरकास्ट' हा शब्द त्यांनी रूढ केला, आणि १ ऑगस्ट १८६१ रोजी 'द टाइम्स'मध्ये लोकांसाठी पहिला अंदाज छापून आला. तो अंदाज होता दोनचार ओळींचाच. पण त्यात उत्तरेला काय, पश्चिमेला काय, दक्षिणेला काय, हे वेगवेगळे सांगितलेले होते. 'देशभर' हा शब्द त्या दर्यावर्दी माणसाला सुचला नाही. समुद्रावर आयुष्य गेलेल्याला एका बंदरातले वारे दुसऱ्या बंदरात चालत नाहीत हे सांगायला लागत नाही. पुढे अंदाज चुकले की त्यांची टिंगल होऊ लागली, इतर काळज्याही होत्या, आणि १८६५ साली या भल्या माणसाने स्वतःच्या हाताने आपला शेवट केला. हवामान खात्यावर विनोद करताना मी अलीकडे जरा जपून करतो.

विलायती पावसाच्या या लहरीपणाचे आम्हा मराठी माणसांवर मात्र थोडे उपकार आहेत, आणि थोडे अपकारही. १९७१ साली अजित वाडेकरांचा संघ ओव्हलवर जिंकला हे पोरासोरांना ठाऊक आहे. पण त्याआधीच्या मँचेस्टरच्या कसोटीत आपल्यासमोर ४२० धावांचे आव्हान होते आणि ६५ धावांत ३ गडी गेले होते, हे कुणी सांगत नाही. शेवटचा दिवस पावसाने सबंध धुतला आणि सामना अनिर्णित राहिला. पुढे लंडनला चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले, २४ ऑगस्टला आपण जिंकलो आणि इतिहास झाला. त्या इतिहासात मँचेस्टरच्या ढगांना अर्धा वाटा द्यायला हवा. २०१९ साली त्यांनी तो व्याजासह वसूल केला. विश्वचषकाचा उपान्त्य सामना त्याच मैदानावर ९ जुलैला सुरू झाला, पावसामुळे १० जुलैवर गेला, आणि त्या दमट सकाळी आपले पहिले तिघे एकेक धाव करून तंबूत परतले. खरे म्हणजे मँचेस्टरला पाऊस काही फार पडत नाही. वर्षभरात तिथे जेवढा पडतो जवळजवळ तेवढा मुंबईत एकट्या जुलैत कोसळतो. पण मुंबईचा पाऊस येतो, गाड्या बंद पाडतो आणि जातो. मँचेस्टरचा पाऊस वर्षातले दीडशेच्या आसपास दिवस नुसता येऊन बसतो, पाहुण्यासारखा, आणि चहा झाला तरी उठत नाही. अशा दिवसाला स्कॉटलंडात 'ड्रीख' असा शब्द आहे. उच्चारतानाच घशाशी ओल येते.

तर आता मघाशी राखून ठेवलेल्या हसण्याविषयी.

२०२२ च्या जुलैत मावशी क्रॉयडनला होती. वय ७६, जन्म अकोल्याचा, मे महिन्यात ४५ अंश पाहिलेले शरीर. तिकडच्या हवामान खात्याने १८ आणि १९ जुलैसाठी अतिउष्णतेचा लाल इशारा दिला. असा इशारा त्यांच्या इतिहासात पहिलाच. ताईचा चेहरा उतरला. मावशी मात्र मला फोनवर हसून म्हणाली, "चाळीस म्हणे! अरे, चाळिसाला आम्ही लग्नं लावतो."

१९ जुलैला लिंकनशायरमधील कॉनिंग्जबी येथे ४०.३ अंशांची नोंद झाली. ब्रिटनमध्ये तोपर्यंत कधीही एवढी झाली नव्हती. त्याआधीचा उच्चांक २०१९ चा, ३८.७ चा. लंडनच्या पूर्व टोकाला वेनिंग्टन गावात वणव्याने घरे जळाली. आणि दोन्हीमधल्या रात्री काही ठिकाणी पारा २५ च्या खालीच उतरला नाही. मावशीचे हसणे त्या रात्री थांबले. तिची खोली माडीवर, थेट छपराखाली. खाली जाड गालिचा, छपराच्या पोटात ऊब धरून ठेवण्यासाठी भरलेला जाडजूड थर, भिंती विटांच्या, पंखा नाही, खिडकी अर्धीच उघडणारी. तिकडचे घर हिवाळ्यासाठी बांधलेले असते. एकदा आत शिरलेली उष्णता ते पाहुणीसारखी जपून ठेवते. अकोल्याच्या वाड्यात ४५ अंशांना दुपारी झोप लागायची, क्रॉयडनला पहाटे चारलाही लागेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उठल्यावर भोवळ आली.

अबर्डीनकर दर तासाला फोन करत होता. छायाचित्रांची लढाई त्या दोन दिवसांत कुणाला आठवलीसुद्धा नाही. "ताई, आईला आत्ताच्या आत्ता इकडे पाठव," हा त्याचा धोशा. पण पाठवायची कशी? १९ तारखेला लंडनच्या किंग्ज क्रॉसहून उत्तरेकडे यॉर्क-लीड्सला जाणारी गाडीच सुटली नाही. रुळांचे असे असते की ते बसवताना एक मधले तापमान धरतात, ब्रिटनमध्ये ते २७ अंश. हवा ४० ला गेली की उन्हातले लोखंड पन्नाशीला पोचते आणि रूळ वाकायला बघतात. ज्या देशाने आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी आणली, त्याच देशात अकोल्याची म्हातारी उकाड्यामुळे गाडीत बसू शकली नाही.

मग मावशीने सूत्रे हाती घेतली. क्रॉयडनच्या त्या सबंध गल्लीत भर दुपारी खिडक्या सताड उघड्या होत्या. वारा येईल या भाबड्या समजुतीने सगळे बाहेरची भट्टी घरात घेत होते. तिने सकाळी आठलाच ताईच्या घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, पडदे ओढले, जुन्या चादरी भिजवून दारांवर टाकल्या, आणि अंथरूण खालच्या मजल्यावर, गालिचा गुंडाळून उघड्या फरशीवर घातले. जिरे-मीठ घालून ताक केले. त्यानंतर तिला शेजारच्या म्हातारीची आठवण झाली. ती बाई ऐंशीच्या पुढची, एकटी राहणारी. ताई पाहायला गेली तर ती काचेच्या सज्जात, उन्हातच, लोकरीचे जाकीट घालून बसलेली. तिला वाटत होते, इतके छान ऊन वर्षात कितीदा पडते, फुकट का घालवावे. ताईने तिला हाताला धरून आपल्या घरी आणले. ताक तिला अजिबात आवडले नाही असे मावशी सांगते. पण दोन पेले प्यायली.

त्या उन्हाळ्यात उष्णतेच्या ज्या ५ लाटा आल्या त्यांत इंग्लंडमध्ये मिळून ३,००० च्या जवळपास माणसे नेहमीपेक्षा अधिक मेली असा तिथल्या सरकारी आरोग्य खात्याचा अंदाज आहे. बहुतेक म्हातारी. आकडा वाचला तेव्हा मला काचेच्या सज्जातली ती बाई दिसली, जिला मी कधी पाहिलेले नाही.

त्यानंतर अबर्डीनकराच्या हेव्याची धार जरा बोथट झाली खरी, पण भांडण काही मिटले नाही, मिटू नयेही. २०२४ चा उन्हाळा २०१५ नंतरचा सर्वांत थंड गेला, आणि त्या साली दोघांनीही राखाडी छायाचित्रे पाठवली. तेवढाच काय तो तह. २०२५ चा उन्हाळा मात्र सबंध ब्रिटनच्या नोंदीतला सर्वांत उष्ण ठरला, आणि त्यात एक अजब प्रकार झाला. पाण्याचा दुष्काळ आधी जाहीर झाला तो कोरड्या एसेक्सला नव्हे. मे महिन्याच्या अखेरीस तो झाला वायव्य इंग्लंडला, म्हणजे मँचेस्टरच्या आणि सरोवरांच्या मुलखाला, आणि जूनमध्ये यॉर्कशायरला. ज्यांच्या पावसावर दक्षिणेने पिढ्यान्‌पिढ्या विनोद केले त्यांनाच बागेचे पाणी तोडायची पाळी! कारण साधे आहे. आग्नेय भागात जमिनीखाली खडूचा दगड आहे, तो हिवाळ्याचे पाणी पोटात साठवून ठेवतो. मँचेस्टर १८९४ सालापासून थर्लमिअर सरोवराचे पाणी ९६ मैलांवरून आणून पिते. तलाव उघडे, साठा बेताचा, दर ऋतूत पाऊस पडणार या भरवशावर सगळा कारभार. नित्याच्या मिळकतीवर जगणाऱ्याने शिल्लक टाकलेली नसते, आणि वसंतात पाऊस आला नाही की पंधरवड्यात उघडा पडतो. ही बातमी आली तेव्हा क्रॉयडनकराने हसायला सुरुवात केली होती. अबर्डीनकर एवढेच म्हणाला, "ताई, मँचेस्टरला हसू नकोस. ते आमच्या बाजूचे आहेत."

मावशीने स्वतःपुरता मार्ग काढला आहे. ती आता जुलैत क्रॉयडनला राहत नाही. तिकडे जायचे झाले की मेच्या मध्यापर्यंत लेकीकडे, आणि मग विमानाने मुलाकडे, तेही जून संपेपर्यंत. स्कॉटलंडात मे-जून हेच दिवस त्यातल्या त्यात कोरडे आणि उजेडाचे. तिथल्या शाळांना उन्हाळ्याची सुटीसुद्धा जूनच्या अखेरीस लागते, इंग्लंडच्या आधी जवळजवळ महिनाभर, आणि ऑगस्टच्या मध्यात मुले पुन्हा वर्गात. हे सगळे अबर्डीनकराने तिला कोष्टक काढून समजावले होते. गेल्या खेपेला ती पोचली आणि लागोपाठ सहा दिवस हार. समुद्र दिसेना, समोरचे घर दिसेना. मुलगा बिचारा ओशाळला. सातव्या दिवशी क्रॉयडनहून ताईचा फोन आला, "आई, इकडे किती छान ऊन आहे म्हणून सांगू! कंटाळलीस ना तिथे?"

मावशी म्हणाली, "नाही गं. इथे दुपारची झोप फार छान लागते. तू खिडक्या लावल्यास का?"